नगरची दोन लेकरे

आम्हां नगरकरांना इतिहासाची वाण कधी पडली नाही. शहराचा स्थापनादिन २८ मे १४९० हा मानतात. म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळाचा हिशेब आमच्यापाशी आहे. भुईकोट किल्ला आहे, फराहबाग आहे, आणि सलाबतखानाची कबर असूनही 'चांदबीबीचा महाल' याच नावाने ओळखली जाणारी डोंगरावरची इमारत आहे. औरंगजेबाने १७०७ साली प्राण सोडला तो इथेच, भिंगारजवळ. १८०३ साली वेलस्लीने किल्ला घेतला तोही आमचाच. पाहुणा आला की त्याला रिक्षात घालावे आणि ही सारी यादी एका दुपारात उरकून टाकावी, असा आमचा शिरस्ता आहे. या यादीत सुलतान आहेत, सरदार आहेत, सेनापती आहेत, कैदी आहेत. नट मात्र नाही. नटाचा इतिहास कोण ठेवतो? रंग पुसला की नट संपला, अशी आपली जुनी समजूत.

परंतु याच गावाच्या खात्यावर एक अशी नोंद आहे की तिची मौज मला गेली कित्येक वर्षे पुरून उरली आहे. १९१८ सालच्या एप्रिल महिन्यात, अवघ्या नऊ दिवसांच्या अंतराने, नगर शहरात दोन मुलगे जन्माला आले. पहिला १६ एप्रिलला आणि दुसरा २५ एप्रिलला. दोघेही पुढे नट झाले. दोघांनीही आपापल्या मुलुखात अफाट लोकप्रियता मिळवली. एकाला पडद्यावर पाहून बायामाणसे हात जोडत. दुसऱ्याला ऐकून आणि पाहून इंग्लंडातली घरेच्या घरे पोट धरधरून हसत. एकाचे नाव शाहू मोडक. दुसऱ्याचे टेरेन्स अॅलन मिलिगन. जग त्याला स्पाईक मिलिगन म्हणून ओळखते. पहिल्याचे नाव आमच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते. दुसऱ्याचे नाव मी ओळखीच्या वीसपंचवीस मंडळींना विचारून पाहिले, तेव्हा एका कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांखेरीज कोणाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

या दोघांची गोष्ट आज सांगावी म्हणतो. विशेषेकरून दुसऱ्याची, कारण तो रेडिओचा, दूरचित्रवाणीचा नट होता, लेखक होता, तुतारी वाजवणारा होता आणि त्यावर पुन्हा चित्रकारही होता. आणि आपण नेमके कोठले, या प्रश्नाने त्याला आयुष्यभर सोडले नाही.

आधी १९१८ सालचे नगर डोळ्यांसमोर आणले पाहिजे. पहिले महायुद्ध अजून संपलेले नव्हते. नगर ही मोठी लष्करी छावणी. भिंगारच्या बाजूला गोऱ्या पलटणी, तोफखाना, बराकी, बॅण्ड, घोड्यांचे तबेले. शत्रुराष्ट्रांतल्या माणसांना डांबून ठेवण्याची जागा म्हणून सरकारने युद्धकाळात नगरचीच निवड केली होती. हिंदुस्थानात सापडलेले जर्मन व ऑस्ट्रियन लोक इथल्या तळावर तारेच्या कुंपणाआड दिवस कंठीत होते. त्याआधी दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धातले बोअर कैदीही इथे आणून ठेवले होते. तेव्हा छावणी म्हणजे गावाला लागून असलेले एक दुसरेच गाव होते. त्याची भाषा वेगळी, जेवण वेगळे, करमणूकही वेगळी. गावाचा आणि छावणीचा संबंध दूध, भाजी, धोबी आणि आया यांच्यापुरता.

दुसरीकडे गावात एक तिसरे जग होते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे मांडले. 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक १८४२ साली निघाले ते नगरहून. सिंथिया फरार या बाईंची मुलींची शाळा इथेच होती. ती पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले तेही या बाईंपाशीच. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसाराचा मोठा भाग याच जिल्ह्यात गेला. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची ख्रिस्ती भजने रचली आणि नगरच्या देवळांत टाळमृदंगाच्या साथीने येशूचे कीर्तन होऊ लागले. ख्रिस्ती झालो म्हणून मराठीपण सोडावे लागत नाही, हे या मंडळींनी गाजावाजा न करता दाखवून दिले.

शाहू मोडकांचा जन्म अशा मराठी ख्रिस्ती समाजातला. मिलिगनचा जन्म छावणीतला. म्हणजे एकाच गावाच्या दोन दिशांना, एकमेकांना कधीही न भेटणारे दोन पाळणे नऊ दिवसांच्या अंतराने हलू लागले. त्याच वर्षी पाऊस दगा देणार होता आणि इन्फ्लुएन्झाची ती भयंकर साथ घरेच्या घरे ओस पाडणार होती. दोन्ही पाळणे त्यातून निभावले, हे आपले नशीब म्हणायचे.

मोडकांची कथा आपल्या वाचकांना थोडीफार ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. मराठी बोलपट नुकताच बोलू लागला होता. दादासाहेब तोरण्यांच्या सरस्वती सिनेटोनने १९३२ साली 'श्यामसुंदर' काढला. दिग्दर्शक भालजी पेंढारकर, राधा शांता आपटे, आणि कृष्ण झाला चौदा वर्षांचा शाहू मोडक. मुंबईत हा बोलपट पंचवीस आठवड्यांच्या पुढे चालला. पुढच्याच वर्षी 'औट घटकेचा राजा'त त्यांनी दुहेरी भूमिका केली. भारतीय बोलपटातली ती पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. १९३९ साली शांतारामबापूंच्या 'माणूस'मध्ये ते वेश्येच्या प्रेमात पडलेला साधा पोलीस शिपाई गणपत झाले. आणि १९४० साली प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये दामले-फत्तेलालांनी त्यांना ज्ञानेश्वर केले. हिंदीतल्या 'भरत मिलाप'मध्ये (१९४२) ते भरत होते. कृष्णाची भूमिका तर त्यांनी पुढे इतक्यांदा केली की तिची गणती तिसाच्या घरात नेऊन ठेवतात.

यातल्या ज्ञानेश्वरांच्या भूमिकेपाशी मला नेहमी थांबावेसे वाटते. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशाला, आणि नेवासे आमच्या जिल्ह्यात. ज्या खांबाला टेकून माउलींनी ती सांगितली तो पैस आजही तिथे आहे. त्याच जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती घरातला मुलगा साडेसहाशे वर्षांनी पडद्यावर ज्ञानेश्वर होतो आणि साऱ्या महाराष्ट्राचे डोळे भरून येतात, याला योगायोग म्हणावे की मातीचा गुण? माझ्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा येई. 'संत ज्ञानेश्वर' लागला की आमची आजी घरून फुले घेऊन निघे. समोर मोडक आले की ती जागच्या जागी हात जोडी. एकदा कोणा आगाऊ माणसाने तिला सांगितले, "आजी, हा तर किरिस्ताव आहे." आजी म्हणाली, "देवाचं सोंग घेणाऱ्याची जात विचारू नये, बाबा. त्याच्या अंगात कोण आलंय तेवढं बघावं." तिने कुठल्या परिषदेत सर्वधर्मसमभावाचे भाषण ऐकले नव्हते.

आता छावणीतल्या मुलाकडे वळू.

मिलिगनचे वडील लिओ हे आयरिश रक्ताचे, ब्रिटिश फौजेत तोफखान्यात. आई फ्लोरेन्स इंग्रज. तिचेही माहेर फौजेतलेच. वडिलांना नाचगाण्याचा जबर नाद. शिपायांच्या करमणुकीचे कार्यक्रम असत, त्यांत हा गृहस्थ बूट आपटून नाचे, अमेरिकन काउबॉयचे सोंग घेई. घरात पियानो आणि गाणे. म्हणजे नटपण पोराला पाळण्यातच मिळाले. नगर लौकरच सुटले. मुलगा वाढला पुण्याच्या लष्कर भागात; तिथल्या जीझस अँड मेरी कॉन्व्हेंटमध्ये त्याची अक्षरओळख झाली. मग वडिलांची बदली ब्रह्मदेशात झाली आणि शाळा रंगूनची झाली. आयेच्या कडेवर वाढलेल्या या पोराला हिंदुस्थानी बोली येत होती. ऊन, पाऊस, बॅण्डचे आवाज आणि घोड्यांचा वास हे त्याचे पहिले संस्कार.

तिशीच्या दशकाच्या आरंभी फौजेत काटकसर सुरू झाली आणि कुटुंबाला लंडन गाठावे लागले. हिंदुस्थानात नोकरचाकर बाळगणारे हे घर तिथे एका गरीब वस्तीत दोन खोल्यांत आले. कल्पना करा: पुण्यारंगूनच्या उन्हात वाढलेला पोर एकाएकी धुक्यात आणि धुरात उभा. ज्याला सगळे 'मायदेश' म्हणत होते तो त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि तो त्याला कधी पुरता आवडला नाही. कारकुनी केली, मजुरी केली, फावल्या वेळात कॉर्नेट नावाची तुतारी फुंकायला शिकला आणि जाझच्या वाद्यवृंदांतून वाजवू लागला. 'स्पाईक' हे नावही त्याने स्पाईक जोन्स या अमेरिकन विनोदी वाद्यवृंदवाल्यावरून घेतले.

मग दुसरे महायुद्ध आले. बापाप्रमाणे पोरगाही तोफखान्यात. उत्तर आफ्रिकेत असतानाचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. मिलिगनच्या पलटणीची एक अवजड तोफ कड्यावरून सुटली आणि खालच्या तळावर जाऊन आदळली. खालच्या तंबूतले शिपाई जीव मुठीत धरून बसले होते. तेवढ्यात तंबूची कनात वर करून एका तरुणाने डोके आत घातले आणि कोणी इकडे एखादी तोफ पाहिलीत काय, अशी विचारणा केली. तंबूत बसलेला शिपाई होता हॅरी सेकोम्ब. पुढे जन्मभर टिकलेली मैत्री अशी जुळली.

पण युद्ध म्हणजे काही सगळाच विनोद नव्हे. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत, मॉन्टे कॅसिनोच्या आघाडीवर, तोफगोळ्याने त्याचा पाय जखमी झाला. पाय बरा झाला. मन झाले नाही. स्फोटाचा आवाज ऐकला की तो थरथर कापे, बोलताना अडखळे. आज या दुखण्याला डॉक्टर नाव देतात. त्या वेळी वरच्या अधिकाऱ्याने त्याची पायरी उतरवली, एवढेच. लढण्याच्या कामाचा न राहिल्यामुळे त्याला शिपायांची करमणूक करणाऱ्या पथकात धाडले. तिथे तो गिटार वाजवू लागला आणि लोकांना हसवू लागला. ज्याच्या स्वतःच्या मनाचे तुकडे झाले होते त्याच्या हाती साऱ्या पलटणीला हसवण्याचे काम आले.

युद्धानंतर हॅरी सेकोम्ब, पीटर सेलर्स, मायकेल बेंटिन आणि मिलिगन हे चौघे एकत्र आले आणि बी.बी.सी.च्या रेडिओवर एक कार्यक्रम सुरू झाला. तोच पुढे 'द गून शो' म्हणून गाजला. त्याचे पहिले प्रक्षेपण कोणत्या दिवशी झाले पाहा: २८ मे १९५१. नगरच्या स्थापनादिनीच! अर्थात हे मिलिगनच्या गावीही नसणार. पण नगरकराच्या जिवाला तेवढेच बरे वाटते.

१९६० सालच्या जानेवारीपर्यंत हा कार्यक्रम चालला, आणि त्याचे बहुतेक लेखन मिलिगनचे. रेडिओला चित्र नसते. म्हणून मिलिगनने आवाजाचेच चित्र काढायला घेतले. स्फोट, बदके, इंजिने, पावले, दारे यांच्या आवाजांतून तो असे एक जग उभे करी की जिथे कोणताच नियम लागू नसे. सैन्यातले अधिकारी मूर्ख, सरदार भित्रे, राज्यकर्ते पोकळ. ज्या साम्राज्याच्या छावणीत त्याचा जन्म झाला, त्याच साम्राज्याच्या पोकळ डामडौलाला तो दर आठवड्याला टाचणी लावीत होता. त्या वेळच्या साऱ्या तरुण पिढीने, पुढे बीटल झालेल्या पोरांनी आणि राजपुत्र चार्ल्सनेही, ते ऐकले आणि पाठ केले.

याची किंमत त्याने मोजली. वर्षाला पंचवीसएक भाग एकट्याने लिहायचे म्हणजे घाण्याला जुंपल्यासारखे. १९५२ च्या अखेरीस त्याचे मन साफ कोलमडले आणि त्याला इस्पितळात न्यावे लागले. मनाच्या चढउताराचा हा विकार त्याला शेवटपर्यंत पुरला. कधी आठवडेच्या आठवडे झोप नाही, कधी आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठणे नाही. पण त्याने ते दडवले नाही. मनाच्या दुखण्याविषयी चारचौघांत बोलणे ज्या काळी लाजिरवाणे समजत, त्या काळी तो ते उघड बोलला. आपल्याकडे आजही घरातल्या अशा माणसाविषयी हलक्या आवाजात बोलतात, दार लोटून घेतात. म्हणून मला त्याचे हे धैर्य त्याच्या विनोदाइतकेच मोठे वाटते.

दूरचित्रवाणीवर तो १९५६ सालीच आला. रिचर्ड लेस्टर या दिग्दर्शकाबरोबर आणि सेलर्सबरोबर त्याने तीन मालिका केल्या. हाच लेस्टर पुढे बीटल मंडळींचे चित्रपट करणार होता. पण त्याचे खरे काम १९६९ सालचे. त्या वर्षी मार्चमध्ये बी.बी.सी.वर 'क्यू फाइव्ह' ही मालिका सुरू झाली. तोपर्यंतच्या विनोदी नाट्यप्रवेशांची एक ठराविक घडण होती: सुरुवात, मध्य आणि शेवटी टाळी घेणारे वाक्य. मिलिगनने शेवटच काढून टाकला. प्रवेश रंगात आला की नट एकदम थांबत, आता काय करायचे अशा मुद्रेने इकडेतिकडे पाहत, आणि दुसराच प्रवेश सुरू होई. नटांच्या अंगावरच्या कपड्यांना भाडेपेढीची चिठ्ठी तशीच लटकलेली असे. त्या वेळी 'मॉन्टी पायथन' या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मंडळींची जुळवाजुळव चालली होती. त्यांनी हे पाहिले आणि कपाळाला हात लावला. आपल्याला जे करायचे ते या गृहस्थाने आधीच करून ठेवले! त्यांनी मिलिगनचाच दिग्दर्शक इयान मॅकनॉटन मागून घेतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपला कार्यक्रम सुरू केला. नाव त्यांचे झाले. 'क्यू' मालिका १९८० पर्यंत अधूनमधून येत राहिली, पण वाट पाडणाऱ्यापेक्षा वाटेने चालणाऱ्यांचीच कीर्ती अधिक, हा जगाचा न्याय तिथेही चुकला नाही.

हा नट चित्रकार होता असे मी वर म्हटले. तो रंगवीत असे, रेखाटने करी, आणि आपल्या पुस्तकांतली चित्रे स्वतः काढी. १९५९ साली त्याचा मुलांसाठी लिहिलेल्या वेड्याबागड्या कवितांचा संग्रह निघाला. त्यातली चित्रेही त्याचीच. गाई, माकडे आणि चहाची भांडी यांचा काही एक अर्थ नसलेला गोंधळ घालणारी त्यातली एक कविता इंग्लंडातल्या पोराटोरांना आजही तोंडपाठ असते. त्याची रेघ शाळकरी पोराने वहीच्या समासात गिरवावी तशी वाटते. पण तशी रेघ मोठेपणी हाती टिकवणे किती कठीण, हे चित्रकारांना विचारावे.

त्याहून मला आवडते ती त्याची झाडाची गोष्ट. लंडनच्या केन्सिंग्टन उद्यानात शेकडो वर्षांच्या जुन्या ओक वृक्षाचे एक खोड आहे. आयव्हर इनेस नावाच्या कलावंताने १९३० च्या सुमारास त्यावर पऱ्या, बुटके आणि प्राणी कोरले होते. पावसापाण्याने ती चित्रे विरली, रंग उडाले. १९६४ साली मिलिगन पुढे झाला आणि त्याने दोन वर्षे खपून ती चिमुकली माणसे पुन्हा रंगवून उभी केली. साऱ्या देशाला ठाऊक असलेला नट हातात कुंचला घेऊन झाडाच्या ढोलीत बुटक्याची टोपी रंगवीत बसला आहे, हे दृश्य मला त्याच्या कोणत्याही मालिकेपेक्षा मोलाचे वाटते. १९९७ साली ते खोड संरक्षित वारसा म्हणून नोंदले गेले.

नटाने कुंचला धरणे आपल्याला नवे नाही. कोल्हापूरचे चंद्रकांत मांढरे पडद्यावर वीरपुरुष होत आणि घरी पावडर शेडिंगने निसर्गचित्रे काढीत. त्यांच्या चित्रांचे संग्रहालय कोल्हापुरात आहे. अमोल पालेकर जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकले, नट झाले, आणि १९८७ साली दूरदर्शनसाठी 'कच्ची धूप' मालिकाही दिग्दर्शित केली. अशा माणसांना लोक विचारतात, तुमचे खरे काम कोणते? मला वाटते, प्रश्नच चुकीचा आहे. नटाला आपले काम करताना स्वतःला कधी दिसत नाही. चित्रकाराला प्रत्येक रेघ समोर दिसते. एका कलेत जे निसटते ते दुसरीत धरून ठेवण्याची ही धडपड असावी. मिलिगनच्या 'क्यू फाइव्ह'चे सगळे भाग आज उरलेले नाहीत. त्या काळी जुन्या फिती पुसून त्यांवर नवे चित्रण करीत. झाडावरचे बुटके मात्र जागेवर आहेत.

आता अवघड भागाकडे येतो. या माणसाच्या मनात आपला हिंदुस्थान कसा होता? 'गून शो'मध्ये लालकाका आणि बॅनर्जी ही दोन हिंदी पात्रे असत. त्यांचे बोलणे ऐकून इंग्रज हसत. १९६९ साली एका दूरचित्रवाणी मालिकेत तो तोंडाला काळा रंग फासून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार झाला. मालिका दुसऱ्याने लिहिलेली होती, आणि वर्णद्वेष्ट्यांची टर उडवणे हा तिचा हेतू होता असे सांगत. पण तिच्यावर टीकेची झोड उठली आणि सहाच भागांत ती बंद पडली. ती टीका रास्त होती. छावणीतल्या मुलाने हिंदुस्थान पाहिला तो कुंपणाच्या आतून: आयेच्या बोलण्यातून, बटलरच्या लकबींतून. त्यात माया होती, पण बरोबरीचे नाते नव्हते. कुंपणापलीकडे, दोनतीन मैलांवर, टाळमृदंगावर ख्रिस्तभजने म्हणणारे मराठी लोक होते, ही गोष्ट त्या घराला कधी कळलीही नसेल.

परंतु त्याच माणसाला एके दिवशी स्वतःच कुंपणाबाहेर उभे राहावे लागले. १९६० साली त्याने ब्रिटिश पासपोर्टासाठी अर्ज केला. जन्म हिंदुस्थानातला, बाप आयरिश. इंग्लंडसाठी सहा वर्षे फौजेत काढली, अंगावर गोळ्याची खूण, सारे राष्ट्र त्याच्या विनोदावर हसते आहे. तरी कायद्याच्या पुस्तकात तो परका. राणीशी निष्ठेची शपथ घे, म्हणाले. याने नकार दिला. शपथ रणांगणावर घेतली तेवढी पुरे, असा त्याचा रोख. पासपोर्ट नाकारला गेला. अखेर बापाच्या रक्ताच्या नात्याने १९६२ साली तो आयर्लंडचा नागरिक झाला. नगरला जन्मलेला, पुण्यारंगूनला वाढलेला, लंडनला गाजलेला हा माणूस कागदोपत्री आयरिश म्हणून जगला. १९९९ साली बी.बी.सी.च्या एका मतदानात लोकांनी त्याला गेल्या हजार वर्षांतला सर्वांत विनोदी माणूस ठरवले. पुढे इंग्लंडने त्याला 'सर' केले, पण परदेशी नागरिक म्हणून, मानद!

आणि त्याच्या शेजारी शाहू मोडकांना उभे करून पाहा. धर्माने अल्पसंख्य, तरी ज्ञानेश्वर होताना त्यांना कोणी शपथ घ्यायला लावली नाही. लोकांनी प्रेक्षागृहातच निकाल दिला. ११ मे १९९३ रोजी ते गेले. आमच्या नगरचा तिसरा मोठा नट सदाशिव अमरापूरकर जन्मला तोही ११ मेलाच, १९५० साली. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी आणि 'सडक'मधली महाराणी देशाला ठाऊक आहेत. पण मला आठवतात ते दूरदर्शनवरचे अमरापूरकर. १९८८ साली श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' ही त्रेपन्न भागांची मालिका सुरू झाली. तिचे मूळ पुस्तक नेहरूंनी १९४४ साली लिहिले ते नगरच्याच किल्ल्यात, कैदेत असताना. त्या मालिकेत जोतीराव फुले झाले अमरापूरकर. नगरच्या किल्ल्यात लिहिलेले पुस्तक, नगरच्या शाळेने ज्यांना वाट दाखवली ते जोतीराव, आणि नगरचाच नट! त्या रात्री आमच्या गल्लीत ज्या दोन घरी दूरचित्रवाणी संच होता तिथे दारापर्यंत माणसे बसली होती. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी अमरापूरकर मुंबईत वारले. अंत्यसंस्कार नगरलाच झाले.

मिलिगनची माती मात्र दूर पडली. २७ फेब्रुवारी २००२ रोजी तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वारला. विंचेल्सी गावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. मी आजारी आहे असे तुम्हांला सांगितले होते ना, अशा अर्थाचे वाक्य थडग्यावर कोरावे ही त्याची जुनी थट्टा. चर्चच्या मंडळींना ती मानवेना. शेवटी तडजोड झाली आणि ते वाक्य आयरिश भाषेत कोरले गेले, म्हणजे गावातल्या बहुतेकांना वाचताच येऊ नये! मेल्यावरही त्याची भाषा आणि त्याची जागा यांचा मेळ बसला नाही.

गाव आपले कोणाला म्हणते? जो गावात मरतो त्याला, की जो गावात जन्मतो त्याला? मिलिगनला नगर आठवण्याचे कारण नव्हते; तो इथून गेला तेव्हा पुरते बोलतही नसेल. तेव्हा त्याच्या मोठेपणाचे श्रेय नगरने घेऊ नये, एवढे मला कळते. पण नोंद ठेवायला काय हरकत आहे? या गावाचे नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झाले आहे; चौंडीला जन्मून दूर माळव्यात नाव काढलेल्या लेकीची आठवण गावाने आपल्या नावातच धरली. मग याच गावाने दूर गेलेल्या आणखी एका लेकराची आठवण एखाद्या कोपऱ्यात ठेवली तर जागा अपुरी पडणार नाही. परदेशी पाहुणा आला तर यापुढे मी त्याला किल्ला, फराहबाग आणि चांदबीबीचा महाल दाखवीन, नेवाशाचा पैस दाखवीन, आणि परतताना भिंगारच्या छावणीजवळून रिक्षा हळू न्यायला सांगेन. तिथे पाहण्यासारखे काही नाही. पण ज्याचे खोड मी रंगवलेले पाहिले नाही, ज्याचा आवाज यंत्रातूनच ऐकला, त्या माणसाचा पहिला आवाज या हवेत उमटला होता, एवढे त्याला सांगीन. आणि नऊ दिवसांनी गावात उमटलेला दुसराही.